पेशकाराचा नकार

अप्पांच्या शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, की देवानं अप्पांचे डोळे काढून घेतले, पण कुत्र्याच्या रूपानं परत दिले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी मागच्या रांगेत होते. माझ्या पायात पोलिओचं कॅलिपर आहे, उठायला वेळ लागतो. मी उठून उभी राहीपर्यंत दुसरे वक्ते माइकसमोर आले होते आणि मुका जीव, निष्ठा, त्याग असं काहीबाही बोलत होते. तिसरे तर थेट दिव्य दृष्टीवर गेले. मला बोलायला दिलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

अप्पांचे डोळे देवानं नेले नाहीत, काचबिंदूनं नेले. डोकं दुखतंय म्हणून गोळ्या देत बसलेल्या डॉक्टरांनी त्याला हातभार लावला. अप्पा देव मानतही नव्हते. हळ्ळीखेडला, गावी, त्यांच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून विहिरीत सोडायला जाणारे तेच होते. कुत्राही कुणी दिला नव्हता. तो मटणाच्या दुकानामागे हाडं चघळत बसलेला, तांबडा, एका कानाचा तुकडा उडालेला गावठी कुत्रा होता. आणि त्याग वगैरे तर मुळीच नाही. त्याला दर सोमवारी सुट्टी असायची. अख्ख्या मैलूर वस्तीत आठवड्याची सुट्टी न चुकता मिळणारा तोच एक नोकरदार, असं अप्पा सांगायचे.

मी मूळची दुबलगुंडीची. बीदरला कॉलेजात आले तेव्हा मैलुरातल्या अप्पांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. अप्पा पूर्वी कोर्टात कारकून होते, नजर गेल्यावर त्यांना घरी बसवलं होतं. घरात ते आणि अक्का, त्यांची बायको. खोली दाखवून झाल्यावर अप्पांनी एकच अट घातली. मला वाटलं, अंध माणसाचं घर आहे, म्हणतील की वस्तू जागच्या जागी ठेव. झालं उलटंच. म्हणाले, घरातली कंची बी वस्तू कुटं बी हलव, फकस्त हलवलीस म्हनून सांगू नको.

मी अक्कांकडं पाहिलं. अक्का भाकरी थापत म्हणाल्या, "त्येंचं असंच हाय. तू बादली वाटंत ठिवत जा, बाई. मी ठिवते तर मला पाप लागल्यावानी वाटतंय."

त्या दिवसापासून सकाळी उठून अप्पांच्या वाटेत अडथळे मांडणं हे माझं काम झालं. कधी बाज आडवी, कधी सायकल, कधी माझं कॅलिपरच. अंगणात डोक्याच्या उंचीला दोरी बांधून तिला पळ्या, झारे आणि एक पितळी तांब्या टांगलेला होता. कुत्रा दोरीखालून आरामात जातो, माणसाचं कपाळ मात्र शेकतं. कुत्र्यानं आपल्या उंचीचा नव्हे, अप्पांच्या उंचीचा विचार करायला शिकावं म्हणून ही सगळी भांड्यांची आरास. पहिल्या काही महिन्यांत सकाळ-संध्याकाळ अंगणातून खणखणाट यायचा. अप्पा कुत्र्याला कधी रागावले नाहीत. कपाळ चोळायचे, मागं सरायचे, पुन्हा निघायचे. रस्त्यात लोक कपाळावरचं टेंगूळ बघून हळहळले, की म्हणायचे, "पडलो न्हाई. अभ्यास चालूय."

परदेशात अंधांना वाट दाखवणारी कुत्री असतात, हे अप्पांनी रेडिओवर ऐकलं होतं. त्यांनी कोर्टातल्या एका जुन्या मित्राकडून इंग्रजीत चौकशी करवली. उत्तर आलं, की आपल्याकडे तशी सोय नाही आणि गावठी कुत्रं या कामाला लायक नसतं. हे सांगताना अप्पा दर वेळी हसायचे. म्हणायचे, "लायक न्हाई. कागदावर आलंय बग. आमच्या बापाला बी हेच म्हनले हुते, त्येला कागद सुद्दा दिला न्हवता."

आणि कुत्रं धरून आणलं. आधीचं एक डुकरांमागं पळायचं आणि बीदरात डुकरांना तोटा नाही. दुसरं हलगी वाजली की अप्पांच्याच पायात शिरायचं. हे तिसरं. त्याचा पट्टा टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवणाऱ्याकडून करून घेतला आणि सायकलच्या कॅरियरच्या सळ्या वाकवून त्याला मूठ बसवली. नाव ठेवलं पेशकार. जुन्या लोकांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. निजामाच्या वेळेपासून आमच्याकडे कोर्टात जजसाहेबांसमोर कागद मांडणारा तो पेशकार. अप्पांचं म्हणणं, म्होरं काय हाय त्ये ह्यो मांडतो, निकाल मी देतो. ह्येला माजे डोळे म्हनू नका. डोळ्याला पगार नसतो.

पगार म्हणजे चान्या. मटणाच्या पातळ पट्ट्या अक्का दोरीवर वाळवायच्या, त्याचे तुकडे अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात असायचे. त्यामुळं अप्पांना कायम एक वास यायचा आणि कुठल्याही समारंभात त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहायच्या. याचं त्यांना फार सुख होतं.

लोकांनी हात धरलेला त्यांना अजिबात खपायचा नाही. हे अंधांपैकी बहुतेकांना खपत नाही. आमच्या अपंगांच्या संघटनेनं त्यावर पत्रक काढलं होतं, 'विचारल्याशिवाय स्पर्श नको' असं. लोकांनी पत्रकाच्या पुड्या केल्या. अप्पांची रीत वेगळी. कुणी पुण्यवान माणूस न विचारता त्यांचा दंड धरून रस्ता ओलांडायला लागला, की अप्पा उलट त्याचाच दंड पकडायचे. आणि न्यायचे त्याला, पेशकारासकट, पार जुन्या गावातल्या चौबाऱ्याच्या बुरुजापर्यंत. बोलत बोलत, घरच्यांची चौकशी करत. माणूस लाजेकाजेनं चालत राहायचा. तिथं पोचल्यावर अप्पा विचारायचे, "आता तुमी घरी कसं जानार? सोडायला येऊ का?"

कुत्र्याला गोंजारणाऱ्यांचं त्याहून वाईट. काम करत असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नसतो, त्याचं लक्ष उडालं की माणूस गटारात. पण सांगून कोण ऐकतं! एकदा एक गुरुजी खाली वाकून पेशकाराचं डोकं कुरवाळत होते आणि बिचारा, बिचारा म्हणत होते. अप्पांनी हात पुढं केला, अंदाजानं गुरुजींची टोपी बाजूला सारली आणि त्यांचं टक्कल तस्संच कुरवाळायला लागले, "बिचारा, बिचारा, शाळंत जायलाय व्हय?" भर बाजारात. गुरुजी नंतर वाट बदलून जायचे.

गाणं तर नावालाही नाही. अंध म्हटलं की लोकांना पेटी आणि भजन आठवतं. एका मंडळानं त्यांना शाल द्यायचं ठरवलं आणि वर दोन भजनं म्हणा असा आग्रह धरला. अप्पांनी स्टेजवर उभं राहून सतराचा पाढा म्हटला. पुरा. मग खाली उतरले. शाल तिथंच राहिली.

आता तेलुगूची गोष्ट. बीदरच्या रस्त्यावर कुणी मराठीत 'चल' म्हणतं, कुणी दखनीत 'रुक', कुणी कानडीत बैलाला हाकतं. कुत्र्यानं कुणाचं ऐकायचं? म्हणून अप्पांनी हुकूम ठेवले तेलुगूत. अक्का औरादकडच्या, त्यांच्या माहेरच्या शेजारात सगळं तेलुगू, त्यांनी शब्द दिले. 'पद' म्हणजे चल, 'आगू' म्हणजे थांब. बीदरात हे छान चाललं. मग एकदा आम्ही तिघं आणि पेशकार बसनं तेलुगू मुलुखात, जहिराबादला गेलो, अक्कांच्या भाच्याच्या लग्नाला. गाडीतून उतरलो आणि पेशकार जागेवर थांबला. दोन पावलं गेला, परत थांबला. हमाल ओरडतोय आगू, रिक्षावाला ओरडतोय आगू, एक बाई आपल्या पोराला ओरडते आहे आगू. अख्ख्या गावाचे हुकूम पाळून कुत्रं घायकुतीला आलं. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे आणि पोट धरून हसताहेत. लग्नाला आम्ही जेवणाच्या वेळेला पोचलो. अक्का मात्र आठवडाभर बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, माहेरासमोर हसं झालं.

पण पेशकाराला शिकवलेली खरी विद्या ही नव्हतीच.

मागच्या अंगणात संडासाच्या पाण्यासाठी खणलेला आणि तसाच राहिलेला एक खड्डा होता. अप्पा पेशकाराला त्याच्या काठाशी न्यायचे आणि स्वतःच म्हणायचे, पद. चल. पेशकार बिचारा आज्ञाधारक, चालायचा. बाजूनं उडी मारून जायचा आणि अप्पा खड्ड्यात. मुद्दाम. खांद्याला, ढोपराला लागायचं, अक्का पदर तोंडाला लावून आत जायच्या. पुन्हा वर यायचे, पुन्हा पद. कितीतरी दिवसांनी एका सकाळी पेशकार काठावर थांबला. अप्पा म्हणाले पद, तो हलला नाही. वळला आणि अप्पांच्या पायांसमोर आडवा बसला. अप्पा खाली बसले आणि खिशातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चान्या त्याच्यासमोर रिकाम्या केल्या. मी पायरीवर बसून पत्रकाचा मसुदा लिहीत होते. मला म्हणाले,

"थांब म्हनल्यावर थांबनं कुनाला बी येतंय. मी कोर्टात जलमभर त्येच केलं. जा म्हनल्यावर न्हाई म्हननं, त्ये शिकवावं लागतंय."

आणि त्यापुढचा त्यांचा नियम असा, की पेशकारानं एकदा न्हाई म्हटलं की संपलं. ओढायचं नाही, रागवायचं नाही, पुन्हा पुन्हा हुकूम द्यायचा नाही. मागं सरायचं, दुसऱ्या बाजूनं विचारायचं, आणि तरी नको म्हणाला तर वाट सोडायची. मी विचारलं, आणि तो चुकला तर? अप्पा म्हणाले, चुकूदे की. चुकून थांबला तर उशीर हुतोय. एकदा जरी ओढला, तर पुढच्या खेपेला त्यो इचार करनार, ह्येला आवडंल का न्हाई. त्यो तसा इचार कराया लागला, त्या दिशी मी मेलो.

अप्पांचं एकच काम होतं ज्यासाठी ते बीदरबाहेर जायचे. दर रविवारी हळ्ळीखेडच्या विहारात ते दहावीच्या गणिताचा वर्ग घ्यायचे. फळा नाही, काही नाही. तोंडी. ज्यांचं गणित राहिलंय अशी पोरंपोरी जमिनीवर बसायची, अप्पा मधे आणि पेशकार दारात झोपलेला. आधी भाचा त्यांना घेऊन जायचा. भाच्याला सवड असली तर वर्ग, नसली तर पोरं परत. पेशकार तयार झाल्यावर अप्पा एकटे जायला लागले. मी त्यांना कधी एवढं नटलेलं पाहिलं नव्हतं. शनिवारी रात्रीच सदरा इस्त्री करून ठेवायचे. स्वतःच्या पायानं जायचं आणि स्वतःच्या मनानं परत यायचं, त्यांचं म्हणणं एवढंच होतं. बाकी सगळं लोकांनी चिकटवलेलं आहे.

बसमध्ये कंडक्टर काही म्हणत नसे. रविवारच्या गाडीवर एक ठरलेला कंडक्टर होता, दखनी बोलणारा, पान खाणारा. पेशकार सीटखाली मुटकुळं करून बसायचा. मग एका प्रवाशानं तक्रार केली आणि डेपोच्या साहेबांनी हुकूम काढला, कुत्रं चालणार नाही. अंध गृहस्थांनी सोबत माणूस आणावा, हवं तर त्यांना आम्ही पुढची सीट देऊ. त्याच गाडीतून बकऱ्या जात होत्या, कोंबड्यांच्या पाट्या जात होत्या. मी त्याच दिवशी पत्रक काढलं, 'बकरीला बस, पेशकाराला बंदी!' जुन्या बसस्टँडवर वाटलं. लोकांनी वाचलं, हसले, पुड्या केल्या.

मग मी अप्पांना घेऊन डेपोत गेले. साहेब सभ्य होते. उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली, म्हणाले, "या हो अप्पा, आत या. कुत्र्याला तेवढं बाहेर बांधा."

अप्पा उंबऱ्यातच थांबले.

"साहेब, आमचा आज्जा पाटलाच्या दारात उबा ऱ्हायचा. पाटलाचं कुत्रं आत जायचं. आता मला आत बोलवायलाव आन् कुत्र्याला भाईर ठिवायलाव. दारात कुनीतरी उबं ऱ्हायलाच पायजे का तुमाला?"

साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, जिंकलो. पण साहेब लोकांचा चेहरा उतरला की ते नियमाकडे वळतात. म्हणाले, ठीक आहे, मला दाखवा. तुमचं कुत्रं तुमचं ऐकतं एवढं मला सगळ्यांसमोर दिसू दे. सांगितलं की चालतं, सांगितलं की चढतं, बसतं. दिसलं, की मी परवानगी देतो. मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं.

ठरलेल्या दिवशी डेपोच्या आवारात साहेब, चार कारकून, तो कंडक्टर, ड्रायव्हर, मी, आमच्या संघटनेची मंडळी आणि फुकटची गर्दी. रिकामी बस उभी केली होती. मधे मुद्दाम पिंपं, टायर मांडले होते. पेशकारानं काय काम केलं! पिंपांना वळसा, टायरांच्या मधून तिरकं, गटाराच्या काठाला थांबून अप्पांच्या पायाला अंदाज येईपर्यंत वाट बघणं. आणि वर एक तिरपा पत्रा आला होता, अप्पांच्या कपाळाच्या उंचीला, तिथून त्यानं त्यांना हळूच बाजूला घेतलं. गर्दीतून वाहवा आली. साहेबांनी कारकुनाकडं बघून मान डोलावली. मी तर पुढच्या पत्रकाचा मथळाही मनात जुळवून ठेवला.

बसच्या दाराशी दोघं आले. अप्पा म्हणाले, "पद."

पेशकार थांबला. वळला. अप्पांच्या पायांसमोर आडवा बसला.

अप्पा एक पाऊल मागं सरले. थोडं थांबले, बाजूनं आले, पुन्हा म्हणाले. पेशकार पुन्हा आडवा. मी पुढं जाऊन पायरी पाहिली, पायरी धड होती. कंडक्टरनं वाकून बसखाली पाहिलं, दारात पाहिलं, आत पाहिलं. काही नव्हतं. काहीही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. याच पेशकारानं अशाच बसची पायरी कित्येक रविवार चढली होती. एक कारकून म्हणाला, आज पेशकारसाहेबांचा मूड न्हाई वाटतं. सगळे हसले.

मी अप्पांच्या कानाशी लागले. "अप्पा, एकदा ओढा. एकदाच. चढू दे त्याला, परवानगी मिळू दे, मग घरी जाऊन काय ते करा."

अप्पांनी मूठ सोडली नाही आणि आवळलीही नाही. "न्हाई," म्हणाले.

"अप्पा, सगळं जाईल."

"जाऊदे. आज तुमा लोकांसमोर त्येचं न्हाई मी मोडलं, तर उद्या हिरीच्या काठाला त्यो काय म्हनंल?"

साहेब जवळ आले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, एवढं मी कबूल करते. म्हणाले, "अप्पा, तुमचं कुत्रंच तुमचं ऐकत नाही, मी काय परवानगी देऊ?"

"ऐकनारे पायजेत तर तुमच्याकडं लई हायत, साहेब," अप्पा कारकुनांच्या हसण्याच्या दिशेला तोंड करून म्हणाले. "मला न ऐकनारा लागतोय."

आणि मागं वळून चालू लागले. पेशकार लगेच उठून पुढं झाला, जसं काही घडलंच नाही.

घरी मी फार बोलले. चळवळ अशी चालत नाही, म्हणाले. एका कुत्र्याच्या लहरीपायी आख्ख्या जिल्ह्यातल्या अंधांचा हक्क घालवला, म्हणाले. मला तेव्हा राग आला होता आणि थोडा अजूनही आहे. अक्का म्हणाल्या, डिझेलचा वास आला असंल. कंडक्टर संध्याकाळी मुद्दाम घरी येऊन म्हणाला, या गाडीखाली मागे एक कुत्रं मेलं होतं, त्याचं असेल. अप्पांनी दोघांनाही थांबवलं. म्हणाले, त्येनं न्हाई म्हनलं, झालं. कारण सांगायला त्यो काय आरोपी हाय?

पुढच्या आठवड्यापासून अप्पा हळ्ळीखेडला चालत जायला लागले. शनिवारी पहाटे निघायचे, दुपार कलताना पोचायचे, रविवारी वर्ग घ्यायचा, सोमवारी चालत परत. पेशकाराची सुट्टी मंगळवारवर गेली. आमच्या संघटनेनं जीप देऊ केली, सोबत एक कार्यकर्ता. अप्पांनी विचारलं, कार्यकर्ता कामून? मी म्हटलं, मदतीला. म्हणाले, मंग भाचा काय वाईट हुता?

शनिवारी आता तो कंडक्टर त्याच रस्त्याच्या गाडीवर असायचा. अप्पांशेजारी आला की घंटी मारायचा, गाडी थांबायची, दार उघडायचं. "आओ अप्पा, बैठो. साब नै हैं इधर." भरलेली गाडी बघत राहायची. आणि अप्पा चालता चालता म्हणायचे, "साहेब असताना बसीन." गाडी जायची. पुढच्या शनिवारी पुन्हा घंटी, पुन्हा तेच. हे मी स्वतः त्या गाडीत बसून पाहिलं आहे. लाल मातीचा रस्ता, पुढं कुत्रं, मागं अप्पा, टोपीवर धूळ. अप्पा दमलेले दिसत होते. पण बिचारे दिसत नव्हते, हे त्या शोकसभेतल्या लोकांनी लिहून घ्यावं.

माझ्या पत्रकांनी काही झालं नाही. झालं ते गणितामुळं. परीक्षा जवळ आली होती. अप्पांचा पाय सुजला आणि एक रविवार वर्ग झाला नाही. त्याच आठवड्यात हळ्ळीखेडच्या बायका गाडीसमोर जाऊन बसल्या. आधी आपल्या बौद्धांच्या घरातल्या, मग लिंगायतांच्या, मराठ्यांच्या, कारण गणितात सगळ्यांचीच पोरं अडकली होती. गाडी हलेना. डेपोचे साहेब जीपनं आले. एका म्हातारीनं त्यांना विचारलं म्हणे, की साहेब, तुमी गनितात पास झाल्ता का? तर आमच्या नातीला बी हूंद्या. साहेबांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, बसू द्या कुत्र्याला. पुन्हा परीक्षा नको, काही नको. सगळ्या गाड्यांना सांगतो.

पाय उतरल्यावर पहिल्या रविवारी आम्ही स्टँडवर गेलो. मी एका फोटोवाल्याला पकडून आणलं होतं. संघटनेची माणसं होती, हार होता. हार अप्पांना दिसला नाही म्हणून वाचला. साहेब स्वतः आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी भरलेली होती, पुढची सीट मोकळी ठेवली होती. कंडक्टर दारात उभा. फोटोवाल्यानं डोळ्याला कॅमेरा लावला.

अप्पा म्हणाले, "पद."

पेशकार वळला आणि आडवा बसला.

कुणी हसलं नाही. मी साहेबांकडं पाहिलं, ते पेशकाराकडं बघत होते. खिडक्यांतून माना बाहेर आल्या. आतून कुणीतरी विचारलं, काय झालं, आणि दुसऱ्यानं सांगितलं, त्यो नको म्हनायलाय. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अप्पा एक पाऊल मागं सरले, थांबले, बाजूनं येऊन पुन्हा म्हणाले. पेशकारानं जांभई दिली आणि बसून राहिला.

"जाऊंद्या गाडी," अप्पा म्हणाले. "आमी मागच्या गाडीनं येतो."

मला राहवलं नाही. "अप्पा, आज पहिला दिवस आहे. इतकं चाललात, इतकं झालं. हक्क मिळालाय आता."

"मिळालाय न्हवं?" ते म्हणाले. "मंग घाई कसली?"

आणि बाकावर जाऊन बसले. पेशकार त्यांच्या पायाशी. मी कॅलिपरची खीळ सोडली आणि शेजारी बसले, चान्यांचा वास आला तरी. फोटोवाला विचारत होता, आता काय काढू? साहेब उगाच घड्याळ बघत उभे होते. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टर दाराला लटकून बाहेर वाकला आणि अप्पांना नाही, खाली पेशकाराकडं बघून म्हणाला, "पेशकार साब, पिछली गाडी में जगा पकड़ने बोलूं क्या?"

"बोलो," अप्पा म्हणाले. "दो जगा."